घोरपड, गुराखी आणि मावळा : ऐतिहासिक बालकादंबरीतील जनावराचा प्रश्न

इ. स. १६७० च्या फेब्रुवारीतील त्या रात्री कोंढाण्याचा कडा मावळे कसे चढून गेले, या प्रश्नाला मराठी वाङ्मयात तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात आणि तिन्ही उत्तरांत एक जनावर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कड्यावरून चढले, एवढेच म्हटले आहे. येथे जनावर उपमेपुरते येते. चढणारा माणूसच आहे आणि उपमा त्याच्या अंगच्या कसबाची आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात मात्र कड्यावर प्रत्यक्ष घोरपड आली. तिला नाव मिळाले, तिची पूजा झाली, तिच्या कमरेला दोर बांधला गेला. तिसरे उत्तर बालवाङ्मयाचे. शाळकरी मुलांसाठी गेल्या शंभर वर्षांत तानाजीची जी कथा पुन्हा पुन्हा सांगितली गेली, तिच्यात घोरपड आहे, दोर आहे, मावळेही आहेत. पण पोवाड्यातल्या घोरपडीची एक महत्त्वाची कृती सहसा गाळलेली असते. पोवाड्यातील घोरपड अर्ध्या कड्यावरून मागे फिरते. पुढे काय होणार हे तिला कळलेले असते, आणि तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतो तेव्हा कोठे ती पुन्हा वर जाते.

या गाळण्याकडे केवळ संक्षेपाची सोय म्हणून पाहता येणार नाही. पोवाड्यात जनावराला नकार देण्याचा अधिकार होता, नव्हे, त्या रात्रीच्या प्रसंगात भविष्य जाणणारे एकमेव पात्र तेच होते. बालकथेत ते दोर अडकवण्याचे साधन झाले. घोरपडीच्या अंगावर माणसाचा भार पेलतो की नाही, हा वाद इतिहासकार आणि प्राणिशास्त्रज्ञ यांच्यात अधूनमधून होत असतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात फारसे स्वारस्य असण्याचे कारण नाही. त्याच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. मराठी ऐतिहासिक बालकादंबरीत ग्रामीण मुलगा आणि जनावर यांचा संबंध कोणत्या क्रमाने बदलत गेला, आणि त्या बदलात इतिहासाचा कोणता भाग हातातून सुटला?

ज्या प्रदेशाच्या नावावरून 'मावळा' हा शब्द आला, त्या प्रदेशाकडे आधी पाहिले पाहिजे. आजचा मुळशी तालुका म्हणजे बहुतांशी जुने पौड मावळ आणि त्याला लागून असलेली खोरी. तालुक्याचे ठाणे आजही पौडलाच आहे. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्यावर कोरीगड, घनगड, कैलासगड, आणि मधल्या खोऱ्यांतून वाहणाऱ्या मुळा, निळा या नद्या. धो धो पावसाच्या या मुलखात भात हे मुख्य पीक, आणि भाताचे सारे गणित गुरांवर उभे. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा थर असा राब रचून तो उन्हाळ्यात भाजायचा. पावसात रोप वर आले की चिखलणीला बैल-रेडे जुंपायचे. भात झोडून झाल्यावर पेंढा परत गोठ्यात. म्हणजे शेण नसेल तर राब नाही, राब नसेल तर रोप नाही, आणि रोप नसेल तर आंबेमोहोराची कीर्तीही नाही. या साखळीतला रोजचा, बिनमोलाचा दुवा म्हणजे गुरे राखणारा मुलगा. सकाळी दावणीची गुरे सोडून तो रानात नेतो, अंगावर घोंगडी, पावसाळ्यात डोक्यावर इरले, हातात काठी, आणि दिवस मावळायच्या आत मोजून तितकीच गुरे परत आणण्याची जबाबदारी. मोजणीत एक कमी भरले तर तो घरच्या अर्थव्यवस्थेवरचा घाला असतो. बालकादंबरीला 'साहस' म्हणून जे हवे असते ते या मुलाच्या दिनक्रमातच आहे. ते शोधायला त्याला किल्ल्यावर पाठवण्याची आवश्यकता नव्हती.

इतिहासाची साधने या बाबतीत मुकी नाहीत. पुणे प्रांत उजाड पडला असताना दादाजी कोंडदेवांनी तो पुन्हा लागवडीखाली आणला, त्या वेळी लांडग्यांचा उपद्रव एवढा होता की लांडगे मारणाऱ्या डोंगरी लोकांना त्यांनी बक्षिसे लावली, असे यदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात (१९१९) सांगितले आहे. स्वराज्याच्या आरंभकथेत तोरणा, राजगड, शपथ आणि राजमुद्रा यांना जे स्थान आहे, ते या लांडग्यांना नाही. पण राज्याची पहिली प्रजा ज्या शत्रूपासून वाचवली गेली तो चार पायांचा होता, ही गोष्ट लहान नव्हे. लांडगा कोणावर येतो? वासरावर, करडावर, आणि कधी त्यांना राखणाऱ्या पोरावर. लांडगे हटल्यावर शेत पिकू लागले याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की गुरे रानात सोडता येऊ लागली.

दुसरा कागद याहूनही बोलका आहे. १९ मे १६७३ रोजी चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांचे जे पत्र गेले, त्याचा उल्लेख रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या आज्ञेसाठी सर्वत्र होतो. पण पत्राचा मोठा भाग वैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले गवत आणि दाणा आताच बेफिकिरीने उधळले तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील. रयतेला मोगल परवडला असे वाटेल. पुढे विस्तवाची काळजी आहे. कोणी चुलीचा जाळ तसाच ठेवील, कोणी रात्री दिवा जळता सोडील, उंदीर ती पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि तेवढ्या एका वातीने सारी पागा बुडेल. एका राज्यकर्त्याने उंदीर, गवत, घोडी आणि कुणबी यांना एकाच कार्यकारणात ओवलेले पाहायला मिळावे, असे उदाहरण मराठी गद्यात विरळ. मुलांसाठी लिहिणाऱ्याला याहून चांगला प्रसंग कोणता हवा होता? तथापि, रूढ बालकादंबरीने या पत्रातले नीतिवचन तेवढे उचलले आणि उंदीर सोडून दिला.

असे का झाले, याचे उत्तर त्या वाङ्मयप्रकाराच्या घडणीत आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा मुलांच्या वाचनात जो प्रवेश झाला, तो प्रौढांच्या कादंबरीच्या मागोमाग झाला. १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' पत्राच्या वाचकाला हरि नारायण आपट्यांनी 'उषःकाल' दिली, तिचा नायक किल्लेदाराचा मुलगा आहे. पुढे 'गड आला पण सिंह गेला' आली, नाथमाधवांच्या स्वराज्यविषयक कादंबऱ्या आल्या. घरातल्या वडील माणसांसाठी आलेली पुस्तके मुलांनी वाचली आणि मग मुलांसाठी म्हणून त्याच साच्यात लिहिणे सुरू झाले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक काढले, तेव्हा शहरी, शिक्षित घरातील मूल हा मराठी बालवाङ्मयाचा गृहीत वाचक म्हणून स्थिर झालेला होता. या वाचकाला गुराखी माहीत होता तो गोकुळातला. शेणाचा राब त्याच्या अनुभवाबाहेर होता. बालसाहित्य हे मुलाच्या इच्छेपेक्षा मुलाविषयीच्या प्रौढांच्या इच्छेचे साहित्य असते, असे जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये 'पीटर पॅन'च्या निमित्ताने मांडले. मराठीत त्या इच्छेला पारतंत्र्याच्या काळात एक निश्चित वळण मिळाले होते: मूल शूर व्हावे, शिस्तीचे व्हावे, देशाच्या कामी यावे. वासरू राखण्याला या कार्यक्रमात जागा नव्हती.

त्यामुळे या कथांचा एक साचा बनला. आरंभी डोंगरउतारावर गुरे चारणारा, पावा किंवा गोफण बाळगणारा पोर दिसतो. त्याची चपळाई, त्याला रानवाटांची असलेली माहिती, पक्ष्याचा आवाज काढण्याचे त्याचे कसब यांचे चार ओळींत वर्णन होते. मग कोणी घोडेस्वार येतो, वाट विचारतो, पोराचे पाणी ओळखतो, आणि काही पानांत पोर हेर किंवा शिलेदार होऊन जातो. त्याच्याजवळचे गुराख्याचे ज्ञान लष्करी ज्ञानात रूपांतरित होते; गुरांचे जनावर जाऊन स्वारीचे जनावर, म्हणजे घोडा, येतो. येथे एक साधा प्रश्न कथनाला कधी सुचत नाही. स्वारामागून तो गेला त्या संध्याकाळी गुरे घरी कोणी नेली? साच्याला हा प्रश्न पडत नाही, कारण पहिल्या पानावरची गुरे ही रंगभूमीवरच्या पडद्यासारखी होती. नायक पुढे आल्यावर पडदा गुंडाळला गेला.

लुकाच यांनी ऐतिहासिक कादंबरीविषयी विवेचन करताना स्कॉटच्या मध्यम प्रतीच्या नायकाला महत्त्व दिले होते. इतिहासातील थोर व्यक्ती कथानकाच्या कडेला राहाव्यात आणि मधल्या, सामान्य माणसाच्या आयुष्यातून त्या काळातील शक्तींचा संघर्ष दिसावा, हा त्या रूपबंधाचा गाभा. गुराखी मुलगा हा या दृष्टीने आदर्श नायक ठरला असता. तो रानात हिंडतो म्हणून सैन्यही पाहतो. त्याची गुरे चरतात म्हणून लूट त्याला पहिल्यांदा लागते. तो गावचा आहे म्हणून पाटील, देशमुख, कुलकर्णी यांची सत्ता त्याला माहीत असते. परंतु साच्यातला मुलगा आपली मध्यम प्रत टिकवून ठेवीत नाही. थोर पुरुषाच्या जवळ जाणे हीच त्याची कथा असते, आणि एकदा जवळ गेल्यावर त्याच्या डोळ्यांनी पाहण्यासारखे काही उरत नाही.

या संदर्भात किपलिंगचे स्मरण होणे अपरिहार्य आहे, जरी ते वसाहतीच्या दृष्टीचे स्मरण असले तरी. १८९४ च्या 'जंगल बुक'मधील मोगली काही काळ सिवनीच्या परिसरातील एका गावात म्हशी राखतो, आणि शेरखानला मारतो तो शस्त्राने नव्हे, तर कळप दोन भागांत विभागून, दोन बाजूंनी घळीत घुसवून. म्हैस काय करील, रेडा कोणत्या क्षणी उधळेल, वासरांना कोठे ठेवले म्हणजे म्हशी वळणार नाहीत, या गुराख्याच्या ज्ञानावर तो प्रसंग उभा आहे. साम्राज्याचा पुरस्कर्ता लेखक जे करू शकला, ते मावळच्या मुलाविषयी आत्मीयतेने लिहिणाऱ्या बालकथेला साधले नाही, ही नोंद अप्रिय असली तरी करावी लागते. अर्थात किपलिंगच्या यशाची किंमतही लक्षात घेतली पाहिजे. गाव मोगलीला चेटक्या ठरवून दगड मारून हाकलते; गावकरी भोळे, भित्रे आणि बढाईखोर आहेत. जनावराचे ज्ञान मुलाकडे राहते, पण मुलगा गावाचा राहत नाही, इतिहासाचा तर मुळीच नाही. किपलिंगने मुलाला गावापासून तोडून जनावर राखले. मराठी साच्याने त्याला जनावरापासून तोडून राष्ट्राच्या हाती दिले.

हिरकणीची कथा या साच्याला अपवाद वाटते. रायगडाखालची गवळण गडावर दूध घालायला जाते, दरवाजे बंद होतात आणि घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरते. ही आख्यायिका आहे, समकालीन कागद नाही. तरीही गडाच्या अर्थकारणाची आठवण तिच्यात टिकली आहे. राजधानीलाही दूध खालच्या वाडीतूनच येत होते. परंतु पाठ्यपुस्तकी रूपात ती मातृत्वाची कथा झाली, बुरुजाला नाव मिळाले, आणि जिच्या दुधामुळे सारा प्रसंग घडला ती गाय किंवा म्हैस कथेतून नाहीशी झाली.

वाङ्मयातील या अनुपस्थितीचे परिणाम वाङ्मयापुरते राहिले नाहीत. मुळशीत ते १९२१ मध्ये उघड झाले. निळा-मुळेच्या संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधायला घेतले आणि पन्नासच्या वर गावांची जमीन पाण्याखाली जाण्याची वेळ आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात, आणि सत्याग्रहींना 'मावळे' म्हटले गेले. १९२४ पर्यंत लढा संपला; पुढे धरण पुरे झाले, गावे बुडाली. राजेंद्र व्होरा यांनी 'मुळशी सत्याग्रह' (१९९४) या अभ्यासात दाखवून दिले आहे की सारे 'मुळशीकर' एका हिताचे नव्हते. सावकार-जमीनदारांच्या दृष्टीने प्रश्न मोबदल्याचा होता. जो शेतकरी प्रत्यक्ष जमीन कसत होता त्याच्या दृष्टीने तो जमिनीचा होता.

येथे शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. भातखाचर वाचवायला बसलेल्या शेतकऱ्याला गौरवायचे तर त्याला मावळा म्हणावे लागले आणि त्याच्या नेत्याला सेनापती. शिवकाळाच्या लष्करी परिभाषेतून गेल्याखेरीज पुण्याच्या शिक्षित वर्गाच्या कल्पनेत तो इतिहासाचा धनी होऊच शकत नव्हता. ही परिभाषा त्या वर्गाने कोठून घेतली? ज्या कादंबऱ्या वाचून तो लहानाचा मोठा झाला, त्यांचा यात वाटा असणार. तिने लढ्याला तेज दिले, यात शंका नाही. पण पाण्याखाली जाणारी गोष्ट कोणती होती, हे सांगायला ती अपुरी होती. गायरान, पाणवठा, राबाची जागा, पेंढ्याची गंजी यांच्यासाठी तिच्यात शब्द नव्हता. मोबदल्याचा हिशेब जमिनीचा होऊ शकतो. गुरे चारण्याच्या रानाचा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटांचा तो होत नाही. जे कथेच्या पहिल्या पानावर पडदा म्हणून वापरले गेले, ते व्यवहारातही पडदाच समजले गेले. मुळशी सत्याग्रह बालकादंबरीच्या मुख्य प्रवाहात का रुजला नाही, याचेही उत्तर बहुधा येथेच आहे. तेथे मावळा हरतो, आणि समोर मोगल नसतो.

जनावर मराठी कथनात परत आले ते बालसाहित्य या शिक्क्याच्या बाहेर. गोपाल नीलकंठ दांडेकर यांनी मावळ पायाखाली घातला होता. तळेगावला राहून ते हा मुलूख वर्षानुवर्षे हिंडले. 'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) तुंगच्या परिसरातील आहे, 'माचीवरला बुधा' (१९५८) राजमाचीवरील. दोन्ही ठिकाणे मुळशीच्या उत्तरेकडच्या शेजारातील. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या बुधाला जो सहवास मिळतो तो प्रामुख्याने झाडांचा, पाखरांचा, जनावरांचा आहे, आणि गड त्या सहवासाची जागा म्हणून येतो, लढाईची नव्हे. लक्षणीय बाब ही की याच लेखकाने शिवकालावर 'झुंजार माची', 'हर हर महादेव' यांसारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. एकाच लेखणीत दोन मावळ नांदत होते. एक इतिहासाचा, दुसरा जनावरांचा. त्यांची गाठ क्वचितच पडते, आणि जनावरांचा मावळ म्हाताऱ्याच्या वाट्याला येतो, मुलाच्या नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मावळापासून दूर, माणदेशात घडते. तिथला धनगर मेंढ्यांमागे जातो म्हणून शाळा भरत नाही. दुष्काळात मेंढ्या मरतात म्हणून वाडी उठते. औंध संस्थानाच्या अखेरच्या पर्वाचा हा इतिहासच आहे, पण त्याची कालगणना कळपाच्या हिशेबाने होते. 'ऐतिहासिक' म्हणून ती वाचली जात नाही, कारण ऐतिहासिक म्हणजे राजकीय, आणि राजकीय म्हणजे दरबारी, ही समजूत वाचकाने बालपणीच आत्मसात केलेली असते. याच्या अगदी उलट टोकाला जी. ए. कुलकर्णी यांची 'बखर बिम्मची' (१९८६) आहे. एका लहानग्या मुलाच्या आणि त्याला भेटणाऱ्या प्राणिपक्ष्यांच्या संभाषणाला जी. एं.नी बखर म्हटले. वरवर हा विनोद आहे. परंतु बखर हा शब्द जिथे राजांसाठी राखून ठेवला होता, तिथे मूल आणि जनावर यांना बसवण्यात त्या शब्दाची मक्तेदारी मोडण्याचा खोडकरपणाही आहे. बिम्म खेड्यातला गुराखी नाही, हे खरे. त्याची जनावरे पोटापाण्याची जनावरे नाहीत. त्यामुळे जी. एं.च्या या खेळातून ऐतिहासिक बालकादंबरीला धक्का बसला नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला येतो तेव्हा तर प्रश्नच मिटतो. खेड्यातला मुलगा नायक झाला, पण त्याचे वाहन आता सायकल आहे.

बालभारतीने १९७१ मध्ये 'किशोर' मासिक सुरू केले, तेव्हापासून मराठी बालवाचकाच्या कल्पनेत ग्रामीण मुलाची भर पडली. तो केवळ वर्णनाचा विषय राहिला नाही, वाचकही झाला. या वाचकासमोर जुना साचा ठेवला की काय घडते, हा खरा अभ्यासाचा विषय आहे. मुळशीच्या एखाद्या वाडीतल्या शाळेत चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात मावळे भेटतात तेव्हा ते वाचणाऱ्या मुलाला आपल्याच गावाचे नाव अभिमानाने सापडते, आणि त्याच वेळी त्याचे स्वतःचे काम, त्याच्या आजोबांनी राखलेली गुरे, धरणाखाली गेलेले रान, यांतले काहीही सापडत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मराठी कादंबरीपुढे जो प्रश्न ठेवला, तो बालकादंबरीच्या दाराशी पोचलाच नाही. देशी शब्द तिच्यात पुष्कळ आले. पावा, घोंगडी, कांबळे यांना तोटा नाही. शब्दांमागचा व्यवहार मात्र आला नाही.

उपलब्ध साधनांच्या आधारे निराळी कथा रचणे अशक्य नव्हते. दादाजींच्या बक्षिसाची बातमी पौड मावळातल्या एखाद्या वाडीत पोचते तेव्हा तिथल्या मुलाच्या दृष्टीने राज्य प्रथमच अस्तित्वात येते, आणि ते येते लांडग्याच्या रूपाने. मारलेल्या लांडग्याचा पुरावा घेऊन पुण्याला कोणी जायचे, बक्षिसाची वाटणी पाटलाला किती, ज्याचे वासरू गेले त्याला किती, आणि दोन दिवसांच्या त्या वाटचालीत मागे गुरे कोणी राखायची, हे प्रश्न घरातल्या घरात उभे राहतात. तेथे तलवारीचे काम नाही. कदाचित मोठा भाऊ जातो आणि धाकटा, ज्याने लांडगा पहिल्यांदा पाहिला, तो कळपापाशीच राहतो.